वचनं खरी, पण शिकवण? उपदेशकाची शिकवण बायबलवर पारखण्याची रीत

व्हॉट्सअॅपवर एखाद्या उपदेशकाच्या संदेशाचा, म्हणजे प्रवचनाचा, व्हिडिओ येतो. पाहणाऱ्यांपैकी अर्धे म्हणतात, "काय अभ्यास आहे! दर वाक्याला वचन." उरलेले म्हणतात, "त्याची गाडी पाहिलीस का?" यातल्या कुणीच शिकवण पारखलेली नसते. पहिल्यांनी वचनं मोजली, दुसऱ्यांनी माणूस तोलला. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानही येशूला शास्त्रातलं वचन ऐकवतो, तेव्हा वचनं किती आली यावरून काही ठरत नाही.

तपासायची असते ती वचन आणि निष्कर्ष यांच्यामधली जागा. तिला या लेखात 'सांधा' म्हटलं आहे. वचन बायबलमधलं असतं, निष्कर्ष उपदेशकाचा असतो आणि गळती बहुतेक वेळा सांध्यात असते.

उदाहरण म्हणून एक जुनं प्रकरण घेतलं आहे, कारण त्याचा निकाल लागून गेला आहे आणि आज कुणाच्या लाडक्या पास्टरचा प्रश्न त्यात नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथले हॅरॉल्ड कॅम्पिंग शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर होते आणि 'फॅमिली रेडिओ'वरून बायबल शिकवत. ख्रिस्त सप्टेंबर १९९४ मध्ये येण्याची दाट शक्यता आहे, असं त्यांनी आधी मांडलं होतं. पुढे त्यांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, आणि या वेळी 'शक्यता' नव्हती, खात्री होती. काही श्रोत्यांनी आयुष्यभराची बचत त्या तारखेच्या जाहिरातीत घातली. २२ मे नेहमीसारखा उजाडला.

टप्पा १ : बसण्याआधीची तयारी

छापील बायबल घ्या. मोबाइलच्या अॅपमध्ये शोधलेलं वचन एकटंच समोर येतं, मागचंपुढचं दिसत नाही, आणि आपल्याला तर तेच पाहायचं आहे. शक्य असेल तर दोन भाषांतरं जवळ ठेवा: बायबल सोसायटीचं नेहमीचं आणि जोडीला पंडिता रमाबाईंचं किंवा एखादं हिंदी-इंग्रजी. शिकवण एकाच भाषांतरात उभी राहते आणि दुसऱ्यात कोसळते असं दिसलं, तर तिथे खूण करा.

कुठलं बायबल धरायचं हेही आधी ठरवा. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, तर वसई-गोव्याच्या कॅथलिक घरांतल्या बायबलमध्ये ७३. समोरचा मक्काबी किंवा तोबीतमधून बोलत असेल आणि तुमच्याकडे ते पुस्तकच नसेल, तर वाद शिकवणीचा नसून आणखी मागचा आहे.

संदेश पूर्ण ऐका. दीड मिनिटाच्या तुकड्यावरून कुणालाही खोटा शिक्षक ठरवता येतं, अगदी प्रेषित पौलालासुद्धा. सोबत एक वही आणि एक जोडीदार घ्या. जोडीदार तुमच्याच मताचा नसेल तर जास्त चांगलं.

थांबा : शिकवणीत औषध बंद करा, घर विका, कर्ज काढून द्या किंवा नवऱ्याला-बायकोला सोडा असं काही असेल, तर पुढचे टप्पे होईपर्यंत त्यातलं काहीही करू नका. पारखायला दोन आठवडे लागले म्हणून देव रागावत नाही. बिरुयातले लोक खुद्द पौलाची शिकवण दररोज शास्त्रात तपासत होते आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं त्याबद्दल कौतुकच आहे.

टप्पा २ : दावा वहीत उतरवा

हा टप्पा सगळेच गाळतात आणि मग वाद हवेत चालतो. चार ओळी लिहा:

- उपदेशक नेमकं काय म्हणतात (त्यांच्याच शब्दांत)
- त्यासाठी कोणकोणती वचनं देतात
- त्यावरून काय निष्कर्ष काढतात
- आणि ऐकणाऱ्याने काय करावं असं सांगतात

चौथी ओळ विसरू नका. शिकवणीचं खरं रूप पुष्कळदा तिथेच उघडं पडतं. कॅम्पिंग यांच्याबाबत लोक तारखेवर वाद घालत बसले, पण त्यांच्या चौथ्या ओळीत त्याहून गंभीर गोष्ट होती: मंडळीचं (म्हणजे चर्चचं) युग १९८८ मध्ये संपलं, देवाचा आत्मा मंडळ्यांतून निघून गेला, म्हणून मंडळी सोडून बाहेर पडा.

शब्द ओळखीचे असले तरी "म्हणजे काय?" हा प्रश्न इथेच विचारा. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अरियसही येशूला देवाचा पुत्र म्हणत होता, पण हा पुत्र निर्माण केलेला आहे असं शिकवत होता. ३२५ मध्ये नायसियाची परिषद भरली ती याच वादावर.

पडताळा : तुमच्या चार ओळी खुद्द त्या उपदेशकाला वाचून दाखवल्या, तर तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणेल का? नसेल म्हणणार, तर पुन्हा ऐका, पुन्हा लिहा.

टप्पा ३ : दाव्याचं वजन ठरवा

सगळ्या चुका सारख्या नसतात. सर्वांत वर येतात येशू कोण आहे (योहान १:१ व १४, १ योहान ४:२-३) आणि सुवार्ता, म्हणजे ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला आणि पुन्हा उठला ही बातमी, काय आहे (१ करिंथ १५:३-४) या दोन गोष्टी. इथे फरक पडला तर पौल गलतीकरांस १:८ मध्ये स्वर्गातल्या देवदूतालाही सूट देत नाही. त्याखाली मंडळ्यामंडळ्यांत वेगळ्या असलेल्या गोष्टी येतात: बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणीचा, आत्म्याने अन्य भाषांत बोलणं, मंडळीचा कारभार. यांवर प्रामाणिक विश्वासणारे शतकानुशतकं वेगळं मानत आले आहेत. आणि त्याही खाली रोमकरांस १४ मधलं खाणंपिणं, सणवार.

चूक दोन्हीकडून होते. कुणी टिकली लावण्यावरून समोरच्याला नरकात पाठवतो, तर कुणी येशूचं देवत्व नाकारलं तरी "जाऊ दे, प्रेम महत्त्वाचं" म्हणतो. कॅम्पिंग यांची तारीख वरवर तिसऱ्या पायरीची वाटते, पण मंडळीत राहून तारण नाही असं म्हटलं की दावा उडी मारून पहिल्या पायरीवर जातो.

टप्पा ४ : प्रत्येक वचन त्याच्या अध्यायात वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दर वचनाला निदान आख्खा अध्याय, आणि पत्र छोटं असेल तर आख्खं पत्र. वाचताना विचारा: कोण बोलतंय, कुणाला, आधी काय झालं, लगेच पुढे काय येतं, आणि हे इतिहास आहे, काव्य आहे, पत्र आहे की दृष्टान्त?

यिर्मया २९:११ घ्या, कॅलेंडरांवर असतं ते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. "या वर्षी तुझं प्रमोशन होणार" या भाकितासाठी हे वचन सर्रास वापरतात. आता मागचं वाचा. बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं हे पत्र आहे. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत, म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक जण परतीचा दिवस पाहण्याआधीच बाबेलात मरणार. आठव्या-नवव्या वचनांत देव सांगतो की तुमच्यातल्या संदेष्ट्यांच्या फसवणुकीला भुलू नका. आणखी एक अध्याय मागे जा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा यिर्मयाच्या मानेवरचं जू मोडतो आणि दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं परमेश्वराच्या नावाने जाहीर करतो. लोकांना अर्थात तोच आवडला असणार. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मेला. म्हणजे झटपट भरभराटीच्या भाकिताला आधार म्हणून जे वचन देतात, ते झटपट भरभराटीच्या भाकिताला खोडून काढणाऱ्या पत्रातलं आहे.

३ योहान २ चंही तसंच. "सर्व गोष्टींत तुझं बरं असावं, आरोग्य असावं" हे वाक्य देवाचा करार म्हणून शिकवलं जातं. पत्र उघडा, जेमतेम पंधरा वचनांचं आहे. योहान आपल्या गायस नावाच्या मित्राला पत्राच्या सुरुवातीला शुभेच्छा देतोय. फिलिप्पैकरांस ४:१३ मधलं "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे" हेसुद्धा वचन ११ आणि १२ सोबत वाचा. तिथे पौल विपुलतेत राहायला आणि उपाशी राहायलाही शिकलोय असं लिहितो. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास न केलेल्यांसाठी ते नाही.

सावध : वचनाचा कोणता भाग वाचलाच गेला नाही, तेही पाहा. मत्तय ४:६ मध्ये सैतान स्तोत्र ९१:११-१२ म्हणतो, पण मूळ स्तोत्रात असलेलं "तुझ्या सर्व मार्गांत" तुझं रक्षण करतील, हे त्यात नाही. तीन ठिपके देऊन वचन दाखवणाऱ्या स्लाइड दिसल्या की बायबल उघडा.

टप्पा ५ : सांधा उघडून पाहा

आता वहीचं नवं पान घ्या. उपदेशकाची मांडणी एकेका पायरीने लिहा आणि प्रत्येकीपुढे 'व' (वचन सांगतं) किंवा 'म' (माणूस सांगतो) असं लिहा. कॅम्पिंग यांच्या २०११ च्या हिशोबाचं पान असं होईल:

१. उत्पत्ती ७:४ मध्ये देव नोहाला म्हणतो, आणखी सात दिवसांनी पाऊस पाडीन. व
२. २ पेत्र ३:८ म्हणतं, प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आणि हजार वर्षं एका दिवसासारखी. व
३. म्हणून उत्पत्तीतले सात दिवस म्हणजे सात हजार वर्षं. म
४. जलप्रलय इ. स. पूर्व ४९९० मध्ये झाला. म
५. ४९९० आणि २०११ मिळून ७००१. शून्य वर्ष नसतं म्हणून एक वजा, ७०००. ही नुसती बेरीज-वजाबाकी.

पाचवी पायरी अगदी बरोबर आहे, आणि माणसं फसतात ती तिथेच. बेरीज जुळली की वाटतं शिकवण जुळली. पण तिसरी पायरी बायबलमध्ये कुठेच नाही. पेत्र तिथे कॅलेंडरची किल्ली देत नाहीये. प्रभू उशीर करतोय असं म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतोय, आणि नवव्या वचनात कारणही सांगतोय: कुणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही, तो धीर धरतोय. त्यातही नियम दोन्ही दिशांनी आहे. हजार वर्षं एका दिवसासारखी, हे कॅम्पिंग यांच्या हिशोबात कुठे बसवायचं? चौथ्या पायरीचं साल कॅम्पिंग यांनी वंशावळ्यांवरून स्वतःच्या पद्धतीने काढलं होतं. त्याच वंशावळ्यांवरून आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात इ. स. पूर्व २३४८ काढलं होतं.

आता सगळ्यात सोपी कसोटी: तोच नियम पुढच्या ओळीला लावा. त्याच उत्पत्ती ७:४ मध्ये पाऊस चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पडेल असं आहे. एक दिवस म्हणजे हजार वर्षं असतील, तर पाऊस चाळीस हजार वर्षं पडायला हवा. सातला हजारने गुणलं आणि चाळीसला सोडून दिलं, तर तो नियम वचनातून आलेला नाही. हव्या त्या उत्तरासाठी आणला आहे.

त्यांचा दुसरा हिशोब आणखी झगमगता होता. इ. स. ३३ च्या १ एप्रिलपासून (त्यांच्या मते येशूला क्रूसावर दिलं तो दिवस) २१ मे २०११ पर्यंत ७,२२,५०० दिवस. आणि ५ गुणिले १० गुणिले १७, या गुणाकाराचा वर्ग ७,२२,५००. पाच म्हणजे प्रायश्चित्त, दहा म्हणजे पूर्णता, सतरा म्हणजे स्वर्ग. कॅल्क्युलेटरवर करून पाहा, गुणाकार चुकत नाही. पण सतरा म्हणजे स्वर्ग असं सांगणारं वचन दाखवा म्हटलं की पान कोरं. पुढे 'म' लिहा.

भविष्यवादापुरतीच ही युक्ती नाही. दशमांश, आरोग्य, वंशाचे शाप, तेलाच्या बाटल्या, कुठलाही विषय घ्या, पान याच पद्धतीने लिहिता येतं. निर्णायक पायरी 'म' निघाली तर बाकीच्या दहा 'व' तिला वाचवू शकत नाहीत.

टप्पा ६ : उलट बाजूची वचनं शोधा

शब्दसूची किंवा समासातले संदर्भ वापरून त्याच विषयावरची बाकीची वचनं काढा. तारखेच्या बाबतीत मत्तय २४:३६, मार्क १३:३२ आणि प्रेषितांची कृत्ये १:७ सरळ समोर येतात: तो दिवस, ती घटका कुणालाच ठाऊक नाही, काळवेळ जाणणं तुमच्याकडे नाही.

मग पाहा, उपदेशक त्यांचं काय करतो. गाळतो? प्रामाणिकपणे उत्तर देतो? की त्यांची धार बोथट करतो? कॅम्पिंग म्हणत की ती वचनं आधीच्या काळासाठी होती. दानीएल १२ मध्ये शिक्का मारून ठेवलेलं ज्ञान आता उघडलं आहे. शिवाय १ थेस्सलनीकाकरांस ५:४ मध्ये तो दिवस तुम्हांला चोरासारखा गाठणार नाही असं आहेच. मग पाचवा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. काळवेळ तुम्हांला लिहायची गरज नाही, असं पौल सुरुवातीलाच सांगतो, आणि सहाव्या वचनात जागे राहा, सावध राहा म्हणतो. चोर येणार हे माहीत असलेला माणूस जागा राहतो. चोराची वेळ त्याला कळलेली नसते.

"आतापर्यंत कुणाला कळलं नव्हतं, मला उघडं झालं" असं वाक्य आलं की जोडीदाराला पुन्हा ऐकवा. स्पष्ट वचनांच्या उजेडात अवघड वचनं वाचायची असतात. उलट क्रमाने वाचलं की काहीही सिद्ध होतं.

सावध : आख्खी शिकवण एकाच वचनावर उभी असेल तर तळटीप पाहा. मार्क १६:९-२० हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. केवळ सर्प उचलण्याच्या एका ओळीवर जिवाचा खेळ करू नये.

टप्पा ७ : भाकीत असेल तर

भाकीत ऐकलं त्याच दिवशी तारखेसकट, शब्दशः लिहून ठेवा. नंतर अर्थ बदलला जातो. २१ मे उलटल्यावर कॅम्पिंग यांनी सांगितलं की न्याय आला, पण आत्मिक रीतीने, आणि जगाचा शेवट २१ ऑक्टोबरला. तोही दिवस गेला. अनुवाद (मोशेचं पाचवं पुस्तक) १८:२२ ची कसोटी सोपी आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं नव्हतं. मार्च २०१२ मध्ये कॅम्पिंग यांनी चूक लेखी कबूल केली. हे बाकीच्या कितीतरी जणांना जमलेलं नाही, हेही नोंदवायला हवं.

भाकीत खरं ठरलं तर? अनुवाद १३:१-३ त्यासाठीच आहे. चिन्ह घडलं तरी संदेष्टा दुसऱ्या देवांकडे नेत असेल, तर त्याचं ऐकायचं नाही. "पण माझा गुडघा बरा झाला" हे शिकवणीचं प्रमाणपत्र होत नाही.

टप्पा ८ : आता माणूस

माणूस इतक्या उशिरा का? कारण तो आधी पाहिला की पुढचं सगळं त्याच रंगात दिसतं. कॅम्पिंग फॅमिली रेडिओचं काम पगार न घेता करत. साधेपणावरून पारखलं असतं तर ते सहज पास झाले असते. उलट मत्तय २३:२-३ मध्ये येशू म्हणतो, शास्त्री आणि परूशी (तेव्हाचे यहुदी धर्मशिक्षक) सांगतात ते पाळा, पण ते करतात तसं करू नका.

तरीही पाहायचं आहेच. १ तीमथ्य ३ आणि तीत १ समोर ठेवा: पैशाचा लोभ, घर, बाहेरच्यांतलं नाव, भांडखोरपणा. त्याला नेमलं कुणी, आणि त्याला 'नाही' कोण म्हणू शकतं? हिशोब कोण तपासतो? स्वतःच स्वतःला प्रेषित, बिशप, डॉक्टर म्हणवणाऱ्याच्या बाबतीत या प्रश्नांना उत्तर नसणं, हेच उत्तर असतं.

इथे दोन वचनं ढाल म्हणून हमखास येतील. "न्याय करू नका" (मत्तय ७:१): त्याच अध्यायात पंधराव्या वचनात खोट्या संदेष्ट्यांपासून जपा असं आहे, आणि न पारखता जपणार कसं? "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका" (स्तोत्र १०५:१५): तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब परदेशात फिरत असताना राजांनी त्यांना इजा करू नये असा विषय आहे. दावीदाने अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, पण १ शमुवेल २४ मध्ये त्याची चूक त्याला उघडपणे सांगितली. पौलाने पेत्राला तोंडावर सुनावलं (गलती २:११). आणि १ करिंथ १४:२९ सांगतं की संदेष्टे बोलले की इतरांनी निर्णय करावा.

टप्पा ९ : विचारा, मग ठरवा

निष्कर्ष एकट्याने पक्का करू नका. तुमच्या पाळकांना किंवा वडील मंडळींपैकी कुणाला ते पान दाखवा. मग शक्य असेल तर खुद्द उपदेशकाला एकांतात विचारा, जास्तीत जास्त एकच प्रश्न:

"सलाम पास्टर. तुमचा रविवारचा संदेश पूर्ण ऐकला. यिर्मया २९:११ वरून यंदा आर्थिक वाढ होईल असं तुम्ही म्हणालात. दहाव्या वचनात सत्तर वर्षं आहेत, त्याची सांगड कशी घालायची?"

उत्तराइतकीच उत्तराची तऱ्हा पाहा. अपुल्लोस फक्त योहानाचा बाप्तिस्मा जाणून शिकवत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि त्याने ऐकलं (प्रेषितांची कृत्ये १८:२६). असा माणूस चुकलेला असतो, खोटा नसतो. "तुझ्यात शंकेचा आत्मा आहे" असं उत्तर आलं, किंवा तुम्हांला ग्रुपमधून काढलं, तर तेही वहीत लिहा.

निकाल चार प्रकारे लागतो. शिकवण बरोबर असेल तर पूर्वग्रह सोडून स्वीकारा. अपुरी असेल तर जपून ऐकत राहा. दुय्यम बाबतीत वेगळी असेल तर मतभेद ठेवून संगती ठेवता येते. सुवार्तेलाच धक्का असेल तर बाहेर पडा, आणि देणगी, वर्गणी, स्वयंसेवा त्याच दिवशी थांबवा.

घरात कुणी अजून त्या सभेला जात असेल, तर त्यांना उपदेशकाविरुद्धचा व्हिडिओ पाठवू नका. आधी व्हिडिओवरून फसगत झाली, ती दुसऱ्या व्हिडिओने सुटत नाही. एक वचन निवडा, तो आख्खा अध्याय त्यांच्यासोबत मोठ्याने वाचा, आणि 'व' आणि 'म' त्यांनाच लिहू द्या.